टोळधाडीनंतरच्या मुली : योएलचे भाकीत आणि केडगावचे मुक्ती मिशन

बायबलच्या जुन्या करारात योएल या संदेष्ट्याचे एक छोटे पुस्तक आहे. ख्रिस्ती आवृत्तीत त्याचे अवघे तीन अध्याय आहेत. शांतपणे वाचले तरी अर्ध्या तासाच्या आत संपते. पण त्यातल्या दोन वाक्यांनी दोन हजार वर्षांत बरीच उलथापालथ केली. त्यातली एक आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या केडगावात, १९०५ साली घडली. तिच्या केंद्रस्थानी दुष्काळातून वाचलेल्या अनाथ मुली होत्या. त्यांतल्या कितीतरी मुली मध्य प्रांतातून गेलेल्या होत्या, आणि त्या प्रांताची राजधानी तेव्हा आपले नागपूर होते. या लेखात त्या दोन वाक्यांविषयी आणि त्या मुलींविषयी लिहायचे आहे.

मुसलमान बाईने ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या भाकितावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तौरात, जबूर आणि इंजील या ग्रंथांवरचा विश्वास हा आमच्या ईमानचाच भाग आहे. आज हाती असलेले बायबल आणि मूळ ग्रंथ एकच आहेत का, यावर आमच्या उलेमांनी शेकडो वर्षे चर्चा केली आहे. ती चर्चा तिच्या जागी राहू द्या. आदराने वाचायला तिची आडकाठी नाही.

योएल काय सांगतो

पुस्तक सुरू होते ते टोळधाडीने. योएल टोळांसाठी चार वेगवेगळे हिब्रू शब्द वापरतो. एकाने टाकलेले दुसऱ्याने खाल्ले, दुसऱ्याने टाकलेले तिसऱ्याने, तिसऱ्याने टाकलेले चौथ्याने. द्राक्षवेली आणि अंजिराची झाडे सोलून पांढरी पडली. ढेकळांखाली बियाणे कुजले, ओढे आटले, कोठारे ओस पडली, जनावरे हंबरडा फोडत हिंडू लागली. मंदिरात अर्पण करायला धान्य उरले नाही, म्हणून याजकसुद्धा रडत आहेत.

विदर्भातल्या वाचकाला हे वर्णन परके वाटू नये. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी चालू असताना आणि रमजान संपत आलेला असताना, टोळांचे थवे अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले होते. काटोलच्या बाजूला संत्र्याच्या बागा होत्या. कृषी विभागाने रात्री थवे बसलेल्या झाडांवर औषध फवारले. त्या वर्षी ईद घरातच झाली, आणि शहरातल्या पोरांनी ‘टोळधाड’ हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर पहिल्यांदा ऐकला. कुरआनातही टोळ आहेत. फिरऔनच्या लोकांवर आलेल्या संकटांत पूर, टोळ, उवा, बेडूक आणि रक्त यांचा उल्लेख सूरह आराफमध्ये येतो. सूरह कमरमध्ये तर कयामतीच्या दिवशी कबरींतून उठणाऱ्या माणसांना विखुरलेल्या टोळांची उपमा दिली आहे.

योएल पुढे सर्वांना उपास करायला आणि एकत्र जमायला सांगतो. म्हातारे, अंगावर पिणारी बाळे, नवरा-नवरीसुद्धा, कुणीही घरात राहू नये. मग ईश्वराची दया येते. पाऊस पडतो, एक पेरणीआधीचा, आपण ज्याला आगोटीचा म्हणू, आणि एक पीक भरतानाचा. टोळांनी खाल्लेली वर्षे भरून देईन, असे ईश्वर सांगतो. आणि त्यानंतर ती दोन वाक्ये येतात. त्यांचा आशय असा : यानंतर मी माझा आत्मा सर्व मनुष्यमात्रावर ओतीन. तुमचे मुलगे आणि मुली संदेश देतील, म्हाताऱ्यांना स्वप्ने पडतील, तरुणांना दृष्टान्त होतील. दास आणि दासी यांच्यावरही मी त्या दिवसांत माझा आत्मा ओतीन.

क्रम लक्षात घ्या. आधी भाकरी येते, आत्म्याचे दान नंतर. आणि दान कुणाला मिळेल याची यादी दिलेली आहे. त्या यादीत मुली आहेत आणि दासीही आहेत. राजा नाही, आणि काही ओळींपूर्वी वेदीपुढे रडत असलेले याजकही नाहीत.

शब्दांची नाती

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे मला शब्दांकडे पाहायची सवय आहे. योएलच्या या दोन वाक्यांतले हिब्रू शब्द उर्दू जाणणाऱ्याला ओळखीचे वाटतील. संदेश देण्यासाठी जे क्रियापद आहे ते ‘नबी’ याच मुळातले आहे. आत्म्यासाठी ‘रुआख’ आहे, म्हणजे आपली ‘रूह’. मनुष्यमात्रासाठी ‘बासार’ आहे. हिब्रूत त्याचा अर्थ देह, मांस. अरबीत तोच शब्द ‘बशर’ होऊन माणूस झाला. आणि ओतणे यासाठी ‘शाफख’ आहे, ज्याचे अरबी भावंड ‘सफक’, म्हणजे सांडणे. कुरआनात आदमच्या निर्मितीच्या वेळी फरिश्ते विचारतात, की जो जमिनीवर फसाद करील आणि रक्त सांडील अशाला तू तिथे नेमणार का? तिथे हाच ‘सफक’ आहे. फरिश्त्यांना माणसाच्या हातून सांडणारे रक्त दिसते. योएलला त्याच माणसावर ओतली जाणारी रूह दिसते.

मराठीत मात्र या शब्दांनी थोडा घोटाळा केला आहे. मराठी बायबलात ‘नबी’साठी संदेष्टा हा शब्द आहे आणि येशूच्या बारा शिष्यांसाठी प्रेषित. मराठी मुसलमान ‘रसूल’साठी प्रेषित म्हणतात. त्यामुळे एकाच वर्गातली ख्रिस्ती मुलगी आणि मुसलमान मुलगी ‘प्रेषित’ म्हणतात तेव्हा दोघींच्या मनात वेगळी माणसे असतात. मूळ अर्थ मात्र दोन्हीकडे एकच आहे : ज्याला पाठवले तो.

भाकीत या शब्दाचेही तसेच झाले आहे. भाकीत म्हटले की आपल्याला पुढे काय घडणार याचा अंदाज आठवतो, वर्तमानपत्रातले राशिभविष्य आठवते. उर्दूत त्याला पेशीनगोई म्हणतात. पण ‘नबी’चे काम एवढेच नसते. खबर देणे हे त्याचे काम असते, आणि ती खबर बहुतेक वेळा आजच्या वागण्याविषयी असते.

भाकितांचा वाद

आपल्या देशात मुसलमान आणि ख्रिस्ती एकमेकांचे ग्रंथ वाचू लागले ते मुख्यतः वाद जिंकण्यासाठी. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांच्यात दोन दिवस जाहीर मुनाजरा झाला. मौलानांच्या बाजूला डॉक्टर वजीर खान होते. त्यांनी इंग्लंडमधून युरोपीय विद्वानांची बायबल-चिकित्सेची पुस्तके आणली होती. चर्चा नस्ख आणि तहरीफ या दोनच विषयांवर झाली. त्रैक्य आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची नबुव्वत हे पुढचे विषय चर्चेला आलेच नाहीत. तेव्हापासून अनुवादाच्या अठराव्या अध्यायातला मोशेसारखा संदेष्टा कोण आणि योहानाच्या शुभवर्तमानातला कैवारी कोण, हे आमच्याकडच्या धार्मिक सभांचे ठरलेले विषय झाले. ख्रिस्ती बाजूनेही अशीच याद्यांची तयारी असायची.

या वादांचे महत्त्व मी नाकारत नाही. परक्या सत्तेच्या सावलीत आपल्या धर्माची बाजू मांडणाऱ्या माणसांनी धैर्य दाखवले होते. १८५७ नंतर मौलाना कैरानवींना देश सोडावा लागला, त्यांची मालमत्ता जप्त झाली. मक्केला जाऊन त्यांनी मदरसा सौलतिया उभारला. त्या मदरशाचे नाव सौलतुन्निसा बेगम या बंगालमधल्या बाईवरून आहे. पैसा तिने दिला होता. मुनाजऱ्याच्या इतिहासात ही बाई एका ओळीत येते आणि जाते.

योएलच्या भाकितावर मात्र आमच्याकडे फारसा वाद झाला नाही. त्यातून कुणाची नबुव्वत सिद्ध होत नाही की खोडली जात नाही. कदाचित म्हणूनच ते वाद बाजूला ठेवून वाचता येते. हे कुणाविषयी आहे यापेक्षा हे कुणाला बोलू देते, हा प्रश्न त्याला विचारता येतो.

पेत्राचे भाषण आणि नंतरची शांतता

ख्रिस्ती परंपरेत योएलला मोठे स्थान मिळाले ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकामुळे. येशूनंतर काही आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या सणाला, जेरुसलेममध्ये जमलेले त्याचे अनुयायी अनेक भाषांत बोलू लागले. लोक म्हणाले, हे प्यालेले आहेत. पेत्र उभा राहिला आणि म्हणाला की आता कुठे सकाळचे नऊ वाजलेत, हे प्यालेले नाहीत, योएलने सांगितले होते ते आज घडते आहे. मुली आणि दासी असलेली ती वाक्ये त्याने लोकांपुढे म्हटली. त्याच पुस्तकात पुढे फिलिप नावाच्या प्रचारकाच्या चार अविवाहित मुली संदेश देत असत, अशी नोंद आहे.

पण नव्या कराराच्या एका पत्रात बायकांनी मंडळीत गप्प राहावे, असेही वाक्य आहे. पुढच्या शतकांत चर्चने योएलपेक्षा या वाक्याचा आधार जास्त घेतला. मुलींचा उल्लेख पेंटेकॉस्टच्या दिवशी वाचायचा आणि वर्षभर मुलींनी ऐकायचे, अशी वाटणी झाली. यात ख्रिस्ती लोक एकटे नाहीत. आपापल्या ग्रंथातली कोणती ओळ मोठ्याने वाचायची आणि कोणती हळू, हे प्रत्येक समाजातल्या पुरुषांनी ठरवले आहे.

रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून पंडितांसमोर जाब द्यावा लागला होता. आईने रमाबाईंना शिकवले. भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच त्यांना पाठ होते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथे विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मनोरमेचा जन्म आणि लगेच वैधव्य, हे सारे १८८० ते १८८२ च्या दोन वर्षांत घडले. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

धर्म बदलला म्हणून त्यांनी मान तुकवली असे झाले नाही. इंग्लंडमध्ये त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी कल्पना निघताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आपल्या देशात पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिलेली होती. त्यांना ही हरकत समजेना. ज्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या धर्मातली आई मानत, त्यांच्याशी त्यांचा याच विषयावर लांबलचक पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घ्यायचे नाही, ही त्यांची भूमिका त्या पत्रांत स्पष्ट आहे.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की मी माझी प्रार्थना दार उघडे ठेवून करते. तरी बसायचे की नाही हे मुलीने ठरवावे.

दुष्काळ

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांताला त्याचा जबर तडाखा बसला आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा बसला. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. दहा वर्षांत माणसे वाढायच्या ऐवजी घटली. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी ‘छप्पन्नचा दुष्काळ’ हा शब्द असायचा तो संवत १९५६ चा, म्हणजे याच दुसऱ्या दुष्काळाचा.

रमाबाईंनी बातम्या वाचल्या आणि त्या मध्य प्रांतात आल्या. मदतछावण्या आणि गरीबखाने पाहिले. स्वतः उपाशी राहून वाढलेल्या बाईला ते दृश्य नवे नव्हते. पण त्यांना सर्वांत जास्त हादरवले ते एकट्या पडलेल्या मुली उचलून नेणाऱ्या माणसांनी. भुकेल्या मुलीची किंमत मूठभर धान्य होती. इथे योएलचा तिसरा अध्याय आठवतो. तिथे ईश्वर राष्ट्रांना जाब विचारतो, की तुम्ही माझ्या लोकांवर चिठ्ठ्या टाकल्या आणि दारूच्या घोटासाठी मुली विकल्या. ज्या भाकितात मुलींना वाणी मिळते त्याच पुस्तकात मुलींच्या विक्रीची तक्रारही आहे.

सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया घेऊन रमाबाई परतल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते आणि इतक्या नव्या माणसांना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. म्हणून त्यांना दौंडच्या रेल्वेमार्गावरच्या केडगावला नेले. तिथे शंभर एकरांची जमीन आधी घेतलेली होती. त्याच प्लेगच्या काळात सरकारी प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. ज्यांना त्या इंग्रजांच्या हस्तक वाटतात त्यांनी हे पत्र जरूर लक्षात ठेवावे.

केडगावच्या संस्थेचे नाव मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणी, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, सगळे काम बायका करीत. टोळांनी खाल्लेली वर्षे भरून देणे याचा रोजचा अर्थ हा होता : अंगावर लुगडे, पोटात भाकरी, हातात काम आणि डोळ्यांसमोर अक्षर.

जून १९०५

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. त्याची बातमी केडगावला पोहोचल्यावर १९०५ च्या सुरुवातीपासून रमाबाईंनी रोजच्या प्रार्थना सुरू केल्या. साडेपाचशेच्या आसपास स्त्रिया दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस, २९ तारखेच्या रात्री, एका मुलीला विलक्षण अनुभव आला. तिच्या शेजारच्या मैत्रिणीला तिच्या अंगावर आग दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. मग कळले की जाळणारी आग नाही. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

बादलीचा हा तपशील मला फार खरा वाटतो. गूढ अनुभवाच्या कथेत कुणी बादली घालत नाही. धावणारी मुलगी संस्थेत वाढलेली, आग म्हणजे पाणी हे जाणणारी होती.

त्यानंतर मुली रडत, आपली पापे कबूल करीत, मोठ्याने प्रार्थना करीत. शेकडो जणी एकदम, प्रत्येक जण आपल्या शब्दांत. काही जणी न शिकलेल्या भाषांत बोलल्या, असे एब्रम्स यांनी नोंदवले. मुलींच्या प्रार्थना-टोळ्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या विषयावर पुस्तिका काढली. ती १९०७ मध्ये चिलीमधल्या वाल्पाराइसो शहरात त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला कारण झाली.

पेंटेकॉस्टल चळवळीचा जन्म एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजलिसच्या अझूसा स्ट्रीटवर झाला, असे बराच काळ सांगितले गेले. तिथले पुढारी विल्यम सीमोर हे गुलामीतून सुटलेल्या आईवडिलांचे कृष्णवर्णीय चिरंजीव. गॅरी मॅगी आणि अॅलन अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडच्या दशकांत दाखवून दिले की या चळवळीला अनेक उगम होते आणि मुक्ती हा त्यांतला आधीचा एक. एकीकडे गुलामांचा मुलगा, दुसरीकडे दुष्काळात विकल्या जाऊ शकल्या असत्या अशा मुली. योएलची दास आणि दासी ही जोडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी प्रत्यक्ष समोर आली.

अवघड प्रश्न

इथे थांबून काही प्रश्न विचारले पाहिजेत. भाकरी देणाऱ्याच्या घरी भुकेल्या मुलीने त्याचा धर्म घेतला तर ती निवड म्हणायची का? धर्मात जबरदस्ती नाही, हे कुरआनचे वचन आम्ही दुसऱ्यांना ऐकवतो. तेव्हा भुकेची जबरदस्तीही जबरदस्तीच, हे मान्य करावे लागते. मुक्तीतल्या मुलींपुढे दुसरे दार फार वेळा नव्हतेच. ते दार उघडायला हिंदू समाज पुढे आला नाही आणि आम्ही मुसलमानही मोठ्या संख्येने आलो नाही. ज्यांनी मुलींना धान्याच्या भावाने जाऊ दिले त्यांनी नंतर त्यांच्या धर्माचा हिशेब मागणे मला पटत नाही. पण प्रश्न खोटा नाही. मदत आणि धर्मप्रचार एकाच हाताने होतात तेव्हा घेणाऱ्याचा हात थरथरतो, आणि ही गोष्ट प्रत्येक धर्माच्या संस्थेला लागू आहे, आमच्या जकातीच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थांनाही.

दुसरा प्रश्न. हा सगळा उन्माद होता का? त्या काळी काही मिशनऱ्यांनाच तसे वाटले. हिंदुस्थानी मुली भावनेच्या भरात वाहून जातात, असे म्हणणारे गोरे लोक होते. मला यातला विरोधाभास दिसतो. मुली पाठ केलेली प्रार्थना म्हणत होत्या तोवर ते शिक्षण होते. त्या स्वतःचे बोलू लागल्या तेव्हा तो आजार झाला. रमाबाईंनी त्यांना गप्प केले नाही. पेत्राच्या मुखाने योएलच्या वाक्यांनी जे संरक्षण दिले होते, तेच त्यांनी या मुलींना दिले.

आणि तरीही खंत वाटते. त्या मुली काय बोलल्या हे आपल्यापर्यंत येते ते रमाबाई आणि एब्रम्स यांच्या लेखणीतून. बादली आणायला धावलेल्या मुलीचे गाव कोणते होते? तिच्या आईचे काय झाले? ज्या भाकिताने तिला वाणी दिली त्याच्या इतिहासातही तिचे स्वतःचे वाक्य उरलेले नाही.

आमच्याकडे

मुसलमान वाचकाला योएल वाचताना एक अडचण येईल. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यानंतर नबुव्वत नाही, हा आमचा पक्का अकीदा आहे. मग मुली आणि दासी यांच्यावर उतरणाऱ्या आत्म्याचे काय करायचे? शिवाय आमच्याकडे ‘रूहुल-कुदुस’ म्हणजे बहुतेक मुफस्सिरांच्या मते हजरत जिब्रील, ख्रिस्ती अर्थाचा पवित्र आत्मा नव्हे. हा फरक पुसून टाकायची मला गरज वाटत नाही.

पण आमच्या परंपरेत याच प्रश्नाशी झगडलेली माणसे आहेत. सूरह कससमध्ये मूसा (अ.) यांच्या आईकडे अल्लाहने ‘वही’ केली असा शब्द आहे. हजरत मरयम यांच्याशी फरिश्ते बोलतात. या आयतींच्या आधारे अकराव्या शतकात कुर्तुबाचे इब्ने हज्म यांनी स्त्रीला रिसालत नसली तरी नबुव्वत मिळू शकते, असे मत मांडले. तेराव्या शतकातले मुफस्सिर कुर्तुबी मरयम यांना नबी मानतात. बहुसंख्य उलेमांनी हे स्वीकारले नाही. पण हा वाद मोकळेपणाने झाला आणि ग्रंथांत नोंदला गेला, हे आमच्या मुलींना कुणी सांगत नाही. योएलमध्ये म्हाताऱ्यांना स्वप्ने पडतात. सहीह बुखारीतल्या हदीसमध्ये नबुव्वतीतून आता शुभ स्वप्नेच उरली आहेत, असे आले आहे, आणि ती पाहणारा पुरुषच असावा अशी अट कुठेही नाही.

आणि खौला बिन्त सअलबा आहेत. नवऱ्याने जिहारचे शब्द उच्चारून त्यांना ना धड बायको ना धड मोकळी असे करून टाकले. त्या प्रेषितांकडे गेल्या आणि वाद घातला. सूरह मुजादलाची सुरुवातच या गोष्टीने होते, की अल्लाहने त्या स्त्रीचे म्हणणे ऐकले. अख्ख्या सूरहचे नाव वाद घालणाऱ्या स्त्रीवरून पडले. पुढे खलीफा असताना हजरत उमर यांना त्याच खौलांनी रस्त्यात थांबवले. सोबतच्या लोकांना आश्चर्य वाटले, पण ते उभे राहून ऐकत राहिले. जिचे अल्लाहने ऐकले तिचे उमरने ऐकू नये का, असे त्यांचे उत्तर होते. आमच्याकडे वही थांबली आहे. ऐकणे थांबवा, असे कुणी सांगितलेले नाही.

वर्गात मला रोज दिसते, की उत्तर येत असूनही मुली हात वर करीत नाहीत. नाव घेऊन विचारले की बरोबर सांगतात. हे एका जातीधर्माचे नाही. मोमिनपुऱ्यातली मुलगी तशी, इंदोऱ्यातली तशी आणि काटोलच्या शेतकऱ्याची तशीच. आपण मुलींना शिकवले, हे खरे आहे. सावित्रीबाई आणि रमाबाई यांच्या राज्यात ते नाकारता येणार नाही. शाळेतल्या पटावर त्यांची नावे आहेत आणि निकालात त्या पुढे असतात. पण मशिदीच्या कमिटीत, ग्रामसभेत किंवा घरातल्या लग्नाच्या बोलणीत त्यांना कोण विचारते? योएल मुली शिकतील असे म्हणत नाही. मुली बोलतील, असे म्हणतो, आणि बोलणे म्हणजे इतरांनी थांबून ऐकणे.

योएलच्या पुस्तकात मला न पटणारेही आहे. यशया तलवारींचे नांगर करायला सांगतो, योएल शेवटच्या अध्यायात नांगरांच्या तलवारी करायला सांगतो. ग्रंथ वाचायचा तर तो पूर्ण वाचायचा. मात्र त्याच्या मधोमध असलेली ती दोन वाक्ये कुठल्याही एका धर्माची मालमत्ता नाहीत. दुष्काळ, प्लेग, दंगल, टाळेबंदी, प्रत्येक संकटानंतर समाज पुन्हा उभा राहतो तेव्हा आता पुढे कोण बोलणार, हा प्रश्न असतोच. बहुतेक वेळा आधी बोलत होते तेच पुन्हा बोलू लागतात. योएल म्हणतो, या वेळी मुलींना आणि दासींना बोलू द्या.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, पंडितांच्या मराठीत नव्हे तर शेतात राबणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा काम पुरे झालेले होते. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले आणि खिळे जुळवण्यापासूनचे काम तिथल्या बायकांनी केले. म्हणजे योएलचे ते पानही त्यांच्याच हातून गेले. दुष्काळातून आलेल्या कुणा एकीने एकेक खिळा उचलून ‘मुली’ हा शब्द जुळवला असेल, आणि त्याच्या मागोमाग ‘दासी’ हाही.